गप्प बसून जेवण्याचे एकवीस दिवस

आमच्या कंपनीने यंदा पगारवाढ दिली नाही, शिबिर दिलं. विषय होता रोजच्या जगण्यातला आनंद आणि कुटुंबातले छोटे छोटे क्षण. हे क्षण कसे शोधायचे ते शिकवायला आम्हा चाळीस जणांना शनिवारी, म्हणजे हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेआठला कुटुंबातून उठवून येरवड्याच्या ऑफिसात आणून बसवलं. प्रशिक्षक पावणेदहाला उगवले. वाटेत ट्रॅफिक लागलं म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात आम्हाला वर्तमान क्षणात राहायला सांगितलं. आम्ही सव्वा तास तिथेच होतो, पण नोकरीचे दिवस वाईट असल्यामुळे तसं कोणी बोललं नाही.

मग प्रत्येकाला एक बेदाणा मिळाला. एकच. तो आधी दहा मिनिटं बघायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा आणि मग सावकाश चावायचा. चावून झाल्यावर प्रशिक्षकांनी माझ्या शेजारी बसलेल्या कोथरूडच्या सहकाऱ्याला विचारलं, ‘काय जाणवलं?’

‘आंबट होता.’

‘आणखी काही?’

‘आणखी नव्हताच. एकच दिलात.’

प्रशिक्षकांनी घाईघाईने नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. तेवढ्यात आमच्या एचआरच्या बाई उत्साहाने म्हणाल्या, ‘यांना विचारा ना! यांच्याकडे तर हे जन्मापासूनच असतं.’

यांच्याकडे म्हणजे बौद्धांकडे. आमचं घर आजोबांपासून बौद्ध आहे आणि ऑफिसात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बुद्धपौर्णिमेला मला शुभेच्छांचे मेसेज येतात आणि उरलेलं वर्षभर माझ्याकडून शांत राहण्याची अपेक्षा असते. खरं सांगायचं तर आमच्या घरात ध्यान करणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे माझी आई. ती पहाटे वंदना म्हणते तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. पण चाळीस माणसं आदराने बघत असताना हे सांगायला वेगळं धैर्य लागतं. मी डोळे अर्धवट मिटून म्हणालो, ‘हो, म्हणजे, संस्कार असतात.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. प्रशिक्षकांनी सगळ्यांना गृहपाठ दिला होता. कुटुंबातला एक रोजचा क्षण निवडायचा, एकवीस दिवस तो पूर्ण जागरूकतेने जगायचा आणि रात्री त्याला दहापैकी गुण देऊन व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचे. कोणी सकाळचा चहा निवडला, कोणी कुत्र्याला फिरवणं. मी रात्रीचं जेवण निवडलं. त्यातही सगळ्यात अवघड प्रकार घेतला. पूर्ण मौन.

घरी आम्ही चौघं. मी, माझी बायको, बारावीतली मुलगी आणि आई. आई चौतीस वर्षं नागपुरात सरकारी इस्पितळात नर्स होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी तिला कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. ‘तिथे एकटी कशाला राहतेस?’ असं मी तिला तेव्हा म्हणालो होतो. इथे आम्ही तिघं सकाळी आठला बाहेर पडतो आणि संध्याकाळी सातला परत येतो. मधले अकरा तास ती काय करते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडला नाही, कारण तो पडण्याआधीच रोज रात्री जेवताना ती त्याचं उत्तर द्यायची.

आणि ते उत्तर सविस्तर असायचं. दूध किती वाजता आलं, पिशवी कुठे फुटली होती, लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली आणि आत कोण होतं, कोणाच्या स्वयंपाकघरातून फोडणी जळल्याचा वास आला. खालच्या मजल्यावरची मांजर व्यायली तेव्हा तर आठ दिवस पुरेल एवढं वृत्त होतं, कारण पिल्लं रोज जागा बदलत होती. आई कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करत नाही. ‘बेल वाजली’ हे सांगायचं असेल तर त्याआधी ती कुठे बसली होती, काय निवडत होती आणि तिथे का बसली होती हे आलंच पाहिजे. मी एका हाताने मोबाईल सरकवत ‘हं’ म्हणायचो. मुलगी कानात काहीतरी घालून असायची. बायको शाळेत शिकवते. ती दिवसभर साठ पोरांचं ऐकून आलेली असायची, त्यामुळे तिचं ऐकणं नुसतं दिसण्यापुरतं असायचं.

सोमवारी मी फ्रिजवर नियम चिकटवले. टीव्ही बंद. मोबाईल दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटं एक शब्द नाही. प्रत्येक घास बत्तीस वेळा. मी स्वतः जेवण वाढत नाही, भांडी उचलत नाही, त्यामुळे नियम करायला मला भरपूर वेळ होता.

बायकोने नियम चष्मा लावून वाचले. ‘एकोणीस वर्षांत तुम्ही जेवताना काय बोललात ते आठवत नाही. फरक कळायला जरा वेळ लागेल.’

मुलगी म्हणाली, ‘बाबा, सीरियसली? तुम्ही येरवडा घरी घेऊन आलात.’

आईने मात्र नियम दोनदा वाचले. जेवायच्या वेळी ती तिच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिने पांढरी साडी नेसली होती. पौर्णिमेच्या उपोसथाला, उपवास धरून विहारात जाताना नेसते ती. तिला वाटलं होतं की मुलगा अखेर धम्माकडे वळला. ती हात जोडून ताटावर बसली, वीस मिनिटं एका शब्दानेही न बोलता जेवली आणि उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘चांगलं केलं बापा.’

हे कंपनीने सांगितलंय, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती फोनवर नागपूरच्या मावशीला कौतुकाने सांगत होती, ‘आता घरी मौन पाळून राहिला तो.’ मी ते दाराआडून ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुढे गेलोच नाही. रात्री ग्रुपवर लिहिलं, ‘दिवस दुसरा. घरात गाढ शांतता. आईच्या चेहऱ्यावर समाधान. नऊ गुण.’ प्रशिक्षकांनी त्यावर कमळाचं चित्र टाकलं.

पहिल्या आठवड्यात आईची पांढरी साडी गेली आणि रोजची आली. दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या आधीच जेवायला लागली. ‘भूक लागते लवकर,’ म्हणाली. मी लिहिलं, ‘ज्येष्ठ व्यक्ती शरीराचं ऐकायला शिकली. साडेनऊ.’ एकदा मी लवकर घरी आलो तर ती स्वयंपाकघरात कुकरशी बोलत होती. लिफ्ट, पिशवी, मांजर, सगळं त्याला पहिल्यापासून सांगत होती. मी दारात उभा राहून हे पाहिलं आणि रात्री ग्रुपवर लिहिलं, ‘आई आता स्वतःशी संवाद साधू लागली आहे.’ या वेळी प्रशिक्षकांनीच दहापैकी दहा दिले. एचआरच्या बाईंनी ते पूर्ण कंपनीला पाठवलं. माणूस किती गाढव असू शकतो याला काही मर्यादा असावी, पण मला ती त्या दिवसांत लागली नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा आई म्हणाली, ‘रविवारचं नागपूरचं तिकीट काढून दे मले. बहिणीकडे जातो.’

‘काढतो. परतीचं कधीचं काढू?’

‘वापसीचं राहू दे.’

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली आणि निवडायची मेथी घेऊन बसली. माझ्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली. बायकोने दार उघडता उघडता माझ्याकडे पाहिलं. ‘अभिनंदन. आता घरात पूर्ण शांतता होईल.’

दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती आई म्हातारी आहे, एकटी कशी राहील, अशी सोज्वळ भीती नव्हती. माझी आई मला सोडून चालली आहे, एवढीच होती. पंचेचाळीस वर्षांच्या, हाताखाली अकरा माणसं असलेल्या माणसाला ही भीती शोभत नाही हे माहीत होतं. तरी ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. तिकीट काढायचं पान मी चारदा उघडलं आणि चारदा बंद केलं.

दुसऱ्या दिवशी रात्री मी आईला आमच्याबरोबर जेवायला बसवलं आणि फ्रिजवरचा कागद काढून टाकला. ‘आज मौन नाही,’ मी जाहीर केलं. ‘आई, सांग. आज काय झालं?’

‘काही नाही.’

‘दूध आलं?’

‘आलं.’

‘ती मांजर?’

‘आहे.’

एवढंच. तिघं तिच्याकडे बघत बसलो. मी पहिल्यांदाच मोबाईलशिवाय, कान देऊन ऐकायला बसलो होतो आणि ऐकायला काही नव्हतं. ती जवसाच्या चटणीत भाकरी बुडवून शांतपणे खात होती.

‘आई, काऊन जाऊन राहिली तू?’ मी विचारलं. पुण्यात शिकायला आलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मी हे ‘का’ऐवजीचं नागपुरी ‘काऊन’ गिळून टाकलं होतं, होस्टेलची पोरं हसायची म्हणून. ते आत्ता आपोआप बाहेर आलं.

आईने भाकरी खाली ठेवली.

‘ड्युटी संपली का चार्ज द्या लागते,’ ती म्हणाली. ‘कोणत्या खाटेवरच्याले ताप आहे, कोणाचं सलाईन संपत आलं, कोण दिवसभर रडला. दुसऱ्या सिस्टरले सारं सांगायचं. तिनं हाव, समजलं म्हणायचं. मग घरी जायचं. चौतीस वर्षं हेच केलं मी. इथं तुम्ही सकाळी जाता, मी दिवसभर घर पाहतो. तुम्ही आले का चार्ज देतो. तू मोबाईल पाहत का होईना, हं म्हणे. तेवढं पुरे होतं मले. आता सोळा दिवस झाले, कोणी चार्जच घेतला नाही. पहिले वाटलं, धर्माचं आहे, चांगलं आहे. मग समजलं, वॉर्डच बंद झाला. बंद वॉर्डात सिस्टर काय करते?’

ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी नजर खाली घातली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती लपवायलाही सुचलं नाही.

‘हे धर्माचं नव्हतं,’ मी म्हणालो. ‘कंपनीनं सांगितलं होतं. मी गुण मिळवून राहिलो होतो.’

‘किती मिळाले?’

‘दहा.’

‘पैकीच्या पैकी,’ बायको म्हणाली.

आईने पुन्हा भाकरी उचलली. तिला आणखी काय विचारावं ते मला कळेना. सांग, बोल, असं म्हणून ती बोलणार नव्हती, हे कळून चुकलं होतं. मग देण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते मी दिलं.

‘आमच्या टीममधले सात जण काढले, आई. शिबिराच्या आदल्या आठवड्यात. पुढच्या महिन्यात आणखी काढतील. माझं नाव असू शकते त्याच्यात. मले भेव वाटून राहिलं.’

टेबलावर खरी शांतता त्या वेळी झाली. मी वीस मिनिटांचं घड्याळ लावून जी करायला बघत होतो तिचा हिच्याशी काही संबंध नव्हता. बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

‘हे मला कधी सांगणार होतात?’ ती म्हणाली. ‘बाविसाव्या दिवशी?’

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. आई मात्र खुर्चीत जरा पुढे सरकून बसली.

‘झोप लागते का?’ तिने मला विचारलं.

‘नाही. तीन आठवडे झाले.’

‘जेवण?’

‘दुपारचा डबा अर्धा परत आणतो. घरी यायच्या आधी टाकून देतो.’

‘हाव,’ आई म्हणाली.

त्या एका शब्दाने माझ्या खांद्यांवरचं काय उतरलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नोकरीचं काहीच सुटलं नव्हतं. पण आता ते एकट्या मलाच माहीत नव्हतं, आणि आईने ते ऐकून घेतलं होतं.

मग कोणालाच थांबवेना. बायकोने सांगितलं की शाळेत तिच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरवून टाकलंय आणि ती चार दिवस त्या मुलीच्या आईबापांच्या दारात खेपा घालतेय. मला हे माहीत नव्हतं. आमच्या मुलीने कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘मी फिजिक्सच्या टेस्टला गेलेच नाही. खाली पार्किंगमध्ये बसले होते. मला पॅनिक होत होतं, आजी.’

‘सोबत पाणी होतं का?’ आईने विचारलं.

‘नव्हतं.’

‘आता पुढच्या वेळी पार्किंगमध्ये नको बसू. वर ये. मी असतो घरी.’

मी असतो घरी, असं म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात आणि आयुष्यभर ऐकलेल्या या बोलण्याने मला हुंदका येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. सव्वा तास आम्ही जेवत होतो. कोणी एकही घास मोजला नाही. रात्री मी ग्रुपमधून बाहेर पडलो. प्रशिक्षकांचा लगेच मेसेज आला की शेवटच्या आठवड्यात सोडणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळत नाही.

सकाळी आईने विचारलं, ‘तिकीट काढलं का?’

माझा चेहरा पडला असावा.

‘असं तोंड नको करू. बहिणीले कळवून बसलो, ती वाट पाहून राहिली. आठ दिवसांनी वापसीचंही काढ. पोट्टीची परीक्षा आहे.’

मी दोन्ही तिकिटं त्याच मिनिटाला काढली.

रविवारी स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी तिने मला चार्ज दिला. कढीपत्त्याला एक दिवसाआड पाणी. मुलगी अभ्यासाला बसली की दार पूर्ण लावू द्यायचं नाही. दुधाची पिशवी घेतानाच दाबून बघायची. आणि रोज रात्री आठला समोरच्या आजींना बेल वाजवून प्रेशरची गोळी घेतली का ते विचारायचं, त्या विसरतात.

‘समोरच्या? आपल्या समोरच्या?’

‘मग कोणाच्या?’

मला खरंच पटेना. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा बायकोने ओळख करून घ्यायला म्हणून पेढे दिले होते. या आजींनी दारातच आडनाव विचारलं. मग मूळ गाव विचारलं. मग ‘अच्छा’ म्हणाल्या आणि पेढे दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायला सांगितले. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्या भेटल्या की मी मजल्यांचे आकडे बघतो. त्या दाराच्या आत आमच्यापैकी कोणी पाऊल टाकलेलं नव्हतं, अशी माझी समजूत होती.

‘तू जातेस त्यांच्याकडे?’

‘रोज. चारले चहा पितो आम्ही. त्यांचा पोरगा तिकडे अमेरिकेत आहे, त्याले फोनवर सारं छान आहे म्हणून सांगतात. बाकीचं मले सांगतात. तुले जेवताना सांगितलं होतं मी हे. मागच्या वर्षी. तू हं म्हणाला.’

गाडी हलली. मी फलाटावर तसाच उभा राहिलो.

सोमवारी रात्री सव्वाआठला आम्ही ताटावर बसलो आणि आईचा फोन आला. ‘गोळी घेतली का त्यांनी?’

‘विसरलो.’

‘मग मी कोणाच्या भरवशावर आलो इकडे? जा आधी.’

मी ताट झाकून उठलो आणि समोरची बेल वाजवली. त्यांनी ‘कशाला?’ म्हटलं असतं तर काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं होतं, आणि ते फारसं सभ्य नव्हतं. दार उघडलं. आजी मला डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिल्या.

‘आई विचारत होती, गोळी घेतलीत का?’

‘घेतली. तुमच्या आईंचा मला साडेसातलाच फोन येऊन गेला.’

‘मग मला कशाला पाठवलं तिने?’

‘ते मी कसं सांगणार? मला म्हणाल्या, मुलगा येईल, त्याला दारातून परत पाठवू नका. माझी पाठवायची सवय त्यांना माहीत आहे.’ मग आजी दार मागे भिंतीपर्यंत लोटून बाजूला झाल्या. ‘अहो, असे उभे काय राहिलात? आत या. घाई नाही ना आपल्याला?’

घाई नव्हती. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.